घोरण्याविरुद्ध क्रूसेड

गोऱ्या साहेबाकडून धोंडनगर संस्थानच्या महाराजांनी ‘क्रूसेड’ हा शब्द उचलला आणि लगेच घोरण्याविरुद्ध क्रूसेड पुकारलं. जो घोरेल तो हद्दपार. दुभाषी विसाजीपंत धास्तावले. त्यांचं घोरणं आळीभर गाजलेलं.

"पंत, दरबाराला अर्थ सांगा," महाराज म्हणाले.

"वाईट गोष्ट मुळासकट उखडेपर्यंत नेटाने चालवलेली मोहीम, सरकार. तोवर तिचा सेनापती डोळ्याला डोळा लागू देत नाही."

"आम्हीही देणार नाही," महाराज गरजले.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात महाराजांची मान कलली आणि ते मोठमोठ्याने घोरू लागले.

पंत दिवाणांच्या कानाशी लागले. "हद्दपार कोणाला करायचं? सरकारांना, की क्रूसेडला?"

दिवाणांनी क्रूसेड संपल्याची दवंडी पिटवली, सरकारांची झोप मोडणार नाही इतक्या हळू.