बनू फुलारणीची ओंजळ

ऐका श्वासाई, तुझी कहाणी. नदीच्या वळणावर एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं बनू नावाची फुलारीण राहत होती. घरी लेक होता, सून होती, सुनेचं नाव सगुणा. बनूचे हार देवाला जात, राजवाड्यात जात, लग्नाच्या मांडवात जात. पण बनूला विडीचा नाद. फुलं तोडावी, विडी ओढावी. हार गुंफावा, विडी ओढावी. जेवून उठावं, शेजारच्या भागू तेलिणीच्या ओट्यावर बसावं, दोघींनी मिळून विडी ओढावी.

असं करतां करतां काय झालं? बनूच्या नाकाला वास कळेना. जाई धरली तरी कळेना, शेवंती धरली तरी कळेना. एके दिवशी देवळात कुजकी फुलं गेली. पुजाऱ्यानं टोपली परत पाठवली. म्हणाला, "बनूबाई, देवाला नाक आहे हो!" चार बायका हसल्या. बनूला राग आला. ती तडक टेकडीवर श्वासाईच्या देवळात गेली.

तिथं एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. बनू म्हणाली, "आजीबाई, विडी सुटायचा वसा असेल तर मला सांगा." म्हातारी म्हणाली, "तुला कशाला ग वसा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." "बरं. मग मनाची तयारी असेल तेवढे तांदूळ ओंजळीत घे. खोटं घेऊ नको." बनूनं सुपात हात घातला. चिमूटभर तांदूळ आले. म्हातारी हसली. "ही पुजाऱ्यावरच्या रागाची चिमूट. राग उतरला की सांडेल. घरी जा. तयारी झाली की ये, मी इथंच आहे."

बनू घरी आली. मनाशी म्हणाली, मला कुणाची गरज नाही. विड्यांचा कट्टा नदीत टाकला. कुणाला सांगितलं नाही, उगाच फजिती नको. सकाळ गेली. दुपारी डोकं दुखलं, गुंफलेला हार तुटला, सगुणेवर ओरडली. सगुणेला कळेना, सासूबाई कां चिडल्या. संध्याकाळी पाय भागूच्या ओट्याकडे वळले. भागूनं विडी पुढं केली, बनूनं घेतली. मग पुन्हा टेकडी. आता मूठभर तांदूळ आले. म्हातारी म्हणाली, "चिमटीची मूठ झाली, फुकट नाही गेलं. पण एकटीनं नेलीस, वाटेत सांडलीस. जा."

पुढं सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. बारसं मांडलं, पाळणा सजवला, मुलीचं नाव शेवंता ठेवलं. बायका म्हणाल्या, "बनू, तू आजी, पाळणा तू म्हण." बनूनं दोन ओळी म्हटल्या नाहीत तोच खोकला आला, दम लागला. शेजारणींनी पाळणा पुरा केला. कुणी हसलं नाही. बनू मागच्या अंगणात जाऊन बसली. हातात विडी होती, ती पेटवावीशी वाटेना. मनात आलं, ह्या पोरीला माझा आवाज ठाऊक व्हावा, नुसता खोकला नको. तशीच उठली. बसत बसत टेकडी चढली.

मग काय चमत्कार! ओंजळ भरत आली. काठाशी थोडी रिकामी राहिली. म्हातारी म्हणाली, "हे काय ग?" बनू म्हणाली, "तेवढी भीती आहे, आजीबाई. तलफ आली तर काय करू?" म्हातारी म्हणाली, "खरं बोललीस. ही जागा एकटीनं भरायची नसते. तीन घरी पदर पसर. मी विडी सोडते, मला साथ द्या, असं सांग. तांदूळ मिळतील ते आण."

पहिलं घर बनूचं स्वतःचंच. "सूनबाई, मी विडी सोडते. चिडले तर सोसून घे." सगुणेनं मूठ पदरात घातली. "चिडा, सासूबाई, खुशाल चिडा! तुम्ही चिडलात की मी शेवंताला तुमच्या मांडीवर आणून ठेवीन."

दुसरं घर वैद्यबुवांचं. ते म्हणाले, "एक दिवस ठरवा. त्या दिवशी घरात विडी-काडी काही ठेवू नका. तलफ वाऱ्यासारखी येते, घटकाभर छळते, जाते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, चार पावलं चाला. फारच जड गेलं तर या, औषध देईन. लाजू नका." त्यांनीही मूठ घातली.

तिसरं घर भागूचं. तिथं बनूचं पाऊल अडलं. "भागू, मी विडी सोडते." भागू म्हणाली, "आणि मी कुणासंगं बसू?" "माझ्यासंगंच बैस. ओट्यावर नको, माझ्या ताटव्यात बैस. माझ्यापुढं ओढू नको, मी मागितली तरी देऊ नको." भागू उठली. मग आत गेली आणि चांगला पसाभर तांदूळ घेऊन आली. "ने. पाय धरलेस तरी देणार नाही!" दोघी हसल्या.

बनू तांदूळ घेऊन टेकडीवर आली. ओंजळ भरली, भरून सांडली. म्हातारीनं वसा दिला. म्हणाली, "चुकलीस तर?" बनू म्हणाली, "लपवणार नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा धरीन."

पहिले दिवस जड गेले. बनू चिडली, सगुणेनं शेवंता मांडीवर ठेवली. बनू तळमळली, भागूनं तिला नदीपर्यंत चालवून आणलं. मग जत्रेत एका पाहुणीनं विडी दिली आणि बनूनं दोन झुरके घेतले. घरी येऊन रडत सगुणेला सांगितलं. सगुणा म्हणाली, "दोन झुरके गेले, वसा नाही गेला. हात-पाय धुवा, जेवायला बसा." सकाळी बनूनं वसा पुन्हा धरला.

एके दिवशी ताटव्यातून हाक आली, "सगुणे, धाव! धाव ग!" सगुणेला वाटलं, साप निघाला. काठी घेऊन धावली. बनू मोगऱ्यात उभी, डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. "अग साप नव्हे! वास! मोगऱ्याचा वास आला!" मग बनूनं जाई हुंगली, शेवंती हुंगली, ओली माती हुंगली, शेवंताची टाळू हुंगली. गोठ्यातलं शेणसुद्धा हुंगलं आणि पोट धरून हसली.

पुढं उद्यापन केलं. खिरीचं पातेलं घेऊन सगळी टेकडीला निघाली. बनूनं नात कडेवर घेतली, पाळणा म्हणत म्हणत न थांबता चढली. वर म्हातारी कुठं दिसेना. गाभाऱ्यात देवी तेवढी हसत होती. बनूनं ओळखलं, हात जोडले.

सगळ्यांच्या मागून भागू आली. धापा टाकत पायरीवर बसली. म्हणाली, "बनू, मलाही सोडायचीय ग. पण भीती वाटते." बनूनं शेवंताला तिच्या मांडीवर दिलं, खिरीची वाटी हातात दिली. "आधी खा. उद्या सकाळी माझ्याकडे ये, बोलू." भागूनं पोरीचा पापा घेतला. म्हणाली, "उद्या कशाला? आज संध्याकाळीच येते."

जशी श्वासाई बनूला पावली, भागूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ज्याचं मन ज्या दिवशी तयार होईल, त्याला त्या दिवशी पावो. दारी कुणी पदर पसरला तर आपली मूठ आखडू नये. ही पुष्कळ उत्तरांची कहाणी, थोडक्या उत्तरी, मोकळ्या श्वासानं सुफळ संपूर्ण.