एका दुधाची पोरं

ऐका रे बाळांनो! आणि मोठ्यांनो, तुम्ही तर नीटच ऐका. फार फार जुन्या काळी खाडीकाठी एक गाव होतं. अर्धी वस्ती ख्रिस्ती, अर्धी मुसलमान. मिठागर मात्र सगळ्यांचं एकच.

एका दुपारी मोठं उधाण आलं आणि मिठागराचा बांध फुटला. पाणी आत घुसलं, मिठाच्या राशी विरघळू लागल्या. शहाण्या माणसानं काय करावं? आधी भगदाड बुजवावं. पण आमचे वीर एकमेकांकडे बोट दाखवून ओरडले, "बांध त्यांनीच फोडला!"

ख्रिस्त्यांचा साल्वादोर फावडं उगारून धावला. मुसलमानांचा दाऊद कुदळ घेऊन सामोरा आला. दोघांनीही अक्कल गहाण टाकलेली! आता डोकी फुटणार, एवढ्यात दोघांच्या म्हाताऱ्या आया धापा टाकत आल्या.

दाऊदची आई जुलेखा, तिनं साल्वादोरचं मनगट धरलं. "मार बाबा, मार! पण आधी ऐक. तू जन्मलास तेव्हा तुझी आई तापानं फणफणली होती. चाळीस दिवस तुला मी पाजलंय."

साल्वादोरची आई इनास दाऊदकडे वळली. "आणि तुझी आई मिठागरात राबायची तेव्हा तू माझ्या पदराखाली असायचास. आम्ही बाया असंच करत आलोय. जी घरात असेल ती रडणाऱ्या पोराला घेते. पोर कुणाचं, हे कोण विचारतंय?"

मग काय! साऱ्याच बाया पुढे सरसावल्या. "तू माझं प्यायलास!" "आणि हा माझं!" एकेका बाप्याचा कान धरून सांगू लागल्या. एका आईचं दूध प्यालेली ती सख्खी भावंडं, हे तर दोन्ही वस्त्या मानत. उगारलेले हात आपोआप खाली आले.

"बघत काय राहिलात मेल्यांनो? बांधाकडे पळा!" इनास ओरडली.

सगळे सुसाट धावले. भगदाड बुजलं, पण भांडणात वेळ गेला होता. निम्मं मीठ वाचलं, निम्मं खाडीनं नेलं. चिखल उपसताना दाऊदला दिसलं, बांध माणसानं फोडलाच नव्हता. खेकड्यांनी आतून पोखरला होता.

साल्वादोर मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. "भावा, खेकड्यांपायी मी तुझा जीव घेणार होतो रे!"

म्हणून सांगतो, शेजाऱ्यावर हात उगारण्याआधी घरच्या बाईला विचारावं, हा आपला कोण लागतो.