निवटेपाड्याचं कोरं पान

चपला बाहेर काढा, आणि पुस्तकाला हात लावू नका. फोटो हवे तितके काढा. निवटेपाड्याच्या या ख्रिस्ती देवळात काचेखाली ठेवलेली ताडपत्रं पाहायला लांबलांबून माणसं येतात, आणि सगळ्यांचं बोट नेमकं त्या कोऱ्या पानावर जातं. पुसलं गेलं का, लिहायचं राहिलं का, असं विचारतात. नाही हो, ते पान असंच आहे. ताडपत्र कुजतं म्हणून दर दोन-तीन पिढ्यांनी सगळ्या पुस्तकाची नक्कल करतात, तेव्हा कोऱ्या पानाचीही नक्कल होते. हसा खुशाल! ज्या बाईनं ते पान घातलं, तिला हसणारेही गावभर होते.

तिचं नाव मोगाबाय. काळ फार जुना, फिरंगी या किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधीचा. असं सांगतात, की पश्चिमेकडून आलेल्या तारवावरच्या एका माणसानं इथल्या मिठागरवाल्यांना येशूची शिकवण दिली. पुस्तक त्याच्याजवळ नव्हतं. त्यानं प्रत्येक घराला एकेक गोष्ट तोंडपाठ करून दिली. हरवलेल्या मेंढराची एका घराला, उधळ्या पोराची दुसऱ्याला. ज्या घरची गोष्ट त्यांनीच सांगायची, दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, असा दंडक. मोगाबायच्या घराकडे होती बदफैलीत धरलेल्या बाईची गोष्ट. लोक दगड घेऊन उभे असतात, प्रभू खाली वाकून मातीत बोटानं काहीतरी लिहितो आणि म्हणतो, ज्याच्या हातून कधी पाप घडलं नाही त्यानं पहिला दगड मारावा. मग थोरल्यांपासून एकेक जण काढता पाय घेतो.

पुढे एका वादळात गावातली तीन घरं माणसांसकट वाहून गेली. त्यांच्याबरोबर तीन गोष्टीही गेल्या. त्या कोणत्या होत्या ते आता देवालाच ठाऊक. गाव हादरलं. गावाचा वडील होता वाघा तांडेल, सगळ्या होड्यांचा म्होरक्या. त्यानं बंदरावरून एक लिहिणारा आणला आणि दरसाल देवळात वाचता याव्यात म्हणून घरोघरच्या गोष्टी ताडपत्रावर उतरवून घ्यायला लागला. शहाणपणाचंच काम होतं ते, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण मोगाबायची पाळी आली तेव्हा तांडेल म्हणाला, "ही राहू दे. असलं ऐकून आयाबाया बिघडतात."

खरं कारण मोगाबायला चांगलं ठाऊक होतं. वर्षापूर्वी याच गावानं सखरी नावाच्या विधवेला, दिवस गेले म्हणून, खाडीपार हाकललं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे होता तांडेल. त्या दिवशी मोगाबायनं बांधावर उभी राहून आपली गोष्ट घसा फोडून सांगितली होती. कुणी ऐकली नाही. आता ती पुस्तकात आली असती, तर गावाला दरसाल स्वतःच्या तोंडानं स्वतःचं पाप वाचावं लागलं असतं. मोगाबायला मूलबाळ नव्हतं आणि साठी उलटली होती. पुस्तकात जागा मिळाली नाही तर गोष्ट तिच्याबरोबर मातीत जाणार होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडून उपयोग नाही हे ती जाणून होती. तिनं आपल्या दारातल्या ताडाचं एक पान कापलं, वाळवलं, मापात बसवलं आणि तांडेलापुढे धरलं.

"लिहू नका," ती म्हणाली. "पण माझ्या घरचं एवढं पान पुस्तकाच्या दोरीत मधे ओवा."

तांडेल खदखदून हसला. "ओवा रे, वहिनींचं समाधान होऊ दे! कोरं पान काय बोलणार?"

पुस्तक ओवून झालं. घरटी एकानं त्यावर हात ठेवून शपथ घेतली, की वाचन सुरू झालं की एकूण एक पान ऐकायचं, कुणी मधे उठायचं नाही, कुणी अडवायचं नाही. पहिला हात तांडेलाचा होता.

पहिल्याच वाचनाला वाचणारा कोऱ्या पानापाशी आला आणि अडखळला. "पुढे चल," तांडेल म्हणाला.

"पुढे कसा जाईल?" मोगाबाय उठली. "हे पान व्हायचंय अजून. एकूण एक पान ऐकायची शपथ आहे ना तांडेल? मग बसा आणि ऐका!"

आणि तिनं गोष्ट सांगितली. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही म्हणे. थोरल्यांपासून एकेक जण निघाला, इथवर आली आणि तांडेलाकडे पाहत थांबली. शेवटी तांडेल स्वतःची शपथ मोडून उठला आणि चालता झाला. कुणी म्हणतात रागानं, कुणी म्हणतात लाजेनं. गेला कुठे, याबद्दल मात्र दुमत नाही. त्यानं होडी सोडली, खाडी ओलांडली आणि सखरीला लेकरासकट परत आणलं.

मग तोच म्हणाला, "वहिनी, आता लिहून टाकू."

"आता मुळीच नाही!" मोगाबाय कडाडली. "लिहिलंत की भराभर वाचून पुढे जाल. कोऱ्या पानापाशी थांबावं लागतं. प्रभूनं उभ्या जन्मात एकदाच काही लिहिलं, तेही मातीत. तुम्हालाच कशाला हवी शाई?"

मोगाबायमागे ती गोष्ट सखरीनं सांगितली, आणि तेव्हापासून ती कुठल्या एका घराची राहिली नाही. छापील बायबलात ती आहे, हे गावाला कळतं. मधे वरून एक मोठे फादर आले, म्हणाले सगळीकडे वाचतात तशी वाचा. गावानं मान डोलावली आणि आपलं तेच केलं.

आजही ईस्टरआधीच्या उपासाच्या पाचव्या रविवारी वाचणारा इथवर येतो, थांबतो आणि गुपचूप जाऊन माणसांत बसतो. मग त्या वर्षात गावानं जिला सगळ्यात जास्त नावं ठेवली असतील, ती बाई आपणहून उठते आणि गोष्ट सांगते. तिला कुणी नेमत नाही, कुणी हाक मारत नाही. कोण उठणार, हे सगळ्या देवळाला आधीच ठाऊक असतं.

आणि कुणीच उठली नाही, असं एकही वर्ष आजवर गेलेलं नाही.