हंस आणि हलवा

"आक्का, आता तरी झालं का?"

शेवड्यांनी हेच विचारलं होतं, की "आता तरी पाठवू का?" असं विचारलं होतं, हे त्यांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. जन्मभर भाषाशास्त्र शिकवलं, दुसऱ्यांच्या वाक्यांची चिरफाड केली. पण त्या सकाळचं बोलणं आठवायला बसलं की शब्द आपापल्या जागा बदलतात. हातांच्या हालचाली मात्र जिथल्या तिथं राहतात. तेव्हा या गोष्टीत बोलण्यापेक्षा हातांवर भरवसा ठेवलेला बरा.

आक्कांनी कार्ड हातात घेतलं आणि पालथं केलं.

आक्का कार्ड कधीच पुढून बघत नसत.

नदीकाठच्या त्या लहानशा आश्रमात चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करत आणि त्या कागदाची शुभेच्छापत्रं. शाई नाही, रंग नाही. काचेखाली दिवा, काचेवर पत्र्याचा कापलेला साचा, साच्यावर कागद पालथा. आणि मग गोल टोकाच्या सुईनं मागून, साच्याच्या कडेकडेनं दाबत जायचं. कागद उलटला की पांढऱ्यावर पांढरं चित्र वर आलेलं दिसायचं. तिथं त्याला नुसतं 'उठाव' म्हणत.

लोक आक्कांकडे मनःशांती मागायला येत. आक्का त्यांच्या हातात विणकामाची सुई देत.

"आणि ध्यान?" शेवड्यांनी आल्या दिवशी विचारलं होतं.

"सुई तर धरा आधी."

सुई कागदावर अडखळू नये म्हणून तिला तेलाचा नुसता स्पर्श लागतो. बाकीचे ती आपल्याच केसांतून फिरवत. आक्कांनी केस केव्हाच उतरवले होते. त्या शेजारी बसलेल्याचं डोकं वापरत.

"माझ्याकडे काही उरलं नाही, डॉक्टर. तुमचं द्या."

ज्यांच्या तासाला मुलं खोकलासुद्धा दाबून धरत, ते शेवडे मान खाली घालत आणि आक्का त्यांच्या भांगातून सुई फिरवून घेत.

'डॉक्टर' हे नाव आक्कांनीच पाडलं होतं. लगद्याच्या हौदावर काम करणाऱ्या दगडूभाऊंनी ते खरं मानून पहिल्याच आठवड्यात त्यांना आपला गुडघा दाखवला होता.

"मी तसला डॉक्टर नाही."

"मग कसलं?"

"शब्दांचा."

"बरं बरं," दगडूभाऊ धोतर सारखं करत म्हणाले. "त्याला बी कुणी लागतंच की."

शेवड्यांनी काम भराभर उचललं. इतकं भराभर, की वर्षाच्या आत ते आक्कांच्याही पुढं गेले आहेत असं त्यांना वाटू लागलं. आक्कांचा उठाव फार हलका असे. एखादं पान, एखादी पणती. बोटाला आधी कळे, डोळ्याला मागाहून. शेवड्यांनी साच्यावर साचा चढवला. कागद किती ओलसर असला म्हणजे फाटण्याआधी किती ताणतो, ते करून करून शोधलं. आणि दोन हंस काढले. पाण्यावर शेजारी शेजारी, पीस न् पीस मोजता येईल असे. खिडकीच्या तिरप्या उजेडात धरले की त्यांच्या मानांची सावली कागदावर पडायची.

"सर," दगडूभाऊ डोळे बारीक करून म्हणाले होते, "ह्यांना दाणं टाकू का?"

शेवडे त्या दिवशी जेवताना दोनदा स्वतःशीच हसले.

पण हंस जात नव्हते कुठंच.

ते जायचे होते मिरजेला, प्रमिलाताईकडे. ताई शेवड्यांची थोरली बहीण. आईच्या तेराव्याला दोघांत शब्दाला शब्द लागला होता; कोण काय बोललं ते दोघांना वेगवेगळं आठवत असणार. तेव्हापासून तीन संक्रांती कोरड्या गेल्या. शेवड्यांनी पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येक वाक्याचा ताई कसा अर्थ लावील, तो त्यांना लिहितानाच दिसायचा. म्हणून तर त्यांना उठाव आवडला. त्यात शब्दच नव्हते. उलट अर्थ काढायला जागा नाही, अगदी निर्दोष असं काहीतरी तिच्या हातात पडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

निर्दोष मात्र होत नव्हतं. एकदा चोच बोथट आली. एकदा कागदात चिंधीचा निळा धागा निघाला. एकदा मान फाटली तेव्हा दगडूभाऊ म्हणाले, "उडालं बघा एक."

आज मात्र जमलं होतं. निदान शेवड्यांना तसं वाटत होतं, आणि वाटल्याबरोबर शंका येत होती.

आक्का कार्डाच्या पाठीवरून अंगठा फिरवत होत्या. हंसांच्या जागी तिथं दोन खोल खड्डे होते.

"मानेशी हात थरथरला."

"हो."

"कशानं?"

"फाटेल म्हणून... मागल्या वेळेसारखी."

"आणि पंखाशी फार जोर लावलात."

"दिसायला हवं ना तिला."

"काय?"

"मी किती..."

वाक्य तिथंच राहिलं. आक्का थांबल्या. पुढचा शब्द आला असता तर त्यांनी ऐकून घेतला असता. त्या तशा थांबत. तो आला नाही.

ओसरीवरून दगडूभाऊंनी हाक दिली. खांद्याला टपालाची पिशवी होती.

"येष्टी बाराला फाट्यावर येतीया. आज टाकलं तर संक्रांतीला मिरजेत. न्हाईतर राहिलं."

"रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो," शेवडे घाईनं म्हणाले. "मानेचं तेवढं पुन्हा एकदा..."

"पुढच्या वर्षीही संक्रांत आहे," आक्का म्हणाल्या.

शेवड्यांना हा दुजोरा वाटला. दगडूभाऊ हसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की नव्हता.

ते उठले आणि आपली पेटी घेऊन आले. हंसांच्या प्रवासासाठी त्यांनी खास तयारी केली होती. दोन जाड पुठ्ठे, दोन्हींच्या मधोमध खिडकी कापलेली. कार्ड त्यांच्यामध्ये असं बसायचं की हंसांना कुठंच काही टेकणार नाही. वर तिसरा पुठ्ठा, वर चौथा. चारी बाजूंनी दोरी.

आक्कांनी ती पेटी निरखून बघितली. अगदी मनापासून.

"सुंदर केलीत," त्या म्हणाल्या. "एखाद्याला हीच पाठवावी."

मग पेटी बाजूला ठेवली. फडताळातून साधं पाकीट काढलं. आणि हलव्याचा डबा.

तो हलवा आश्रमातलाच. मंद शेगडीवर परात ठेवून, तिळावर चमचा चमचा पाक सोडत, बोटांनी हलवत हलवत केलेला. दाण्यादाण्यावर पांढरा काटा फुललेला.

आक्कांनी घडीचं कार्ड उघडलं. चिमूटभर हलवा आत, घडीमध्ये, बरोबर हंसांच्या पाठीमागं ठेवला. कार्ड मिटलं.

"आक्का! आत?" शेवड्यांचा आवाज चढला. "आत नका घालू. वेगळी पुडी करू... दाब पडला की उठाव बसेल. दाणे टोचतील मागून. तिकडे शिक्के मारतात, पोती टाकतात..."

आक्का ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी कार्ड पाकिटात सरकवलं.

"तिकडेच कशाला?" त्या म्हणाल्या.

आणि पाकीट जमिनीवर ठेवून, त्यावर तळवा टेकून, सगळा भार देऊन त्या उठल्या. म्हातारी माणसं जमिनीवरून उठताना देतात तसा.

कर्र... असा बारीक आवाज झाला.

तो आवाज शेवड्यांना अजून ऐकू येतो. त्याबद्दल त्यांना शंका नाही.

वाळत घातलेले कागद भिंतीवर वाऱ्यानं सळसळत होते.

"खराब झालं," शेवडे शेवटी म्हणाले.

"कुठल्या बाजूनं?"

शेवड्यांनी पाकीट उचललं आणि उजेडात धरलं.

"पत्ता घाला. तुमच्या अक्षरात."

शेवड्यांनी पत्ता घातला. 'मिरज'मधला 'ज' वाकडा आला. दुसरं पाकीट मागावं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी वर बघितलं.

आक्का त्यांच्याकडे बघत होत्या. रागानं नाही. आजाऱ्यानं पहिला घास घ्यावा आणि समोरच्यानं बघत राहावं, तसं.

शेवड्यांनी ते पाकीट दगडूभाऊंच्या हातात दिलं.

"हंस गेलं का हो सर ह्यात?" दगडूभाऊंनी विचारलं.

"काय माहीत," शेवडे म्हणाले. आयुष्यात हे दोन शब्द त्यांनी इतक्या सरळपणे क्वचितच उच्चारले असतील.

संक्रांत आली आणि गेली. किंक्रांतही गेली. शेवडे रोज बाराच्या सुमाराला फाट्याच्या रस्त्याकडे तोंड करून काम करू लागले. उजेड चुकीच्या बाजूनं येत होता.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी दगडूभाऊ परत आले ते काखेत डबा मारून. कंडक्टरच्या हवाली करून कोणीतरी मिरजेहून धाडला होता. पितळी, कडीचा, फडक्यात बांधलेला. शेवड्यांनी तो ओळखला. त्यांच्या आईचा.

आत गुळाच्या पोळ्या होत्या. एकावर एक, प्रत्येकीच्या मधे कागद. शेवड्यांनी पोळ्या बाजूला करून एकेक कागद उलटून पाहिला. फडकं झटकलं. डब्याचं झाकणसुद्धा उजेडात धरून बघितलं.

मग ते आक्कांकडे गेले. आक्का काचेपाशी बसल्या होत्या.

"एक अक्षर नाही, आक्का. हंसांबद्दल... काहीच नाही. आवडले की नाही, पोचले की मोडले..."

दगडूभाऊ एव्हाना एक पोळी मोडून तोंडात टाकून मोकळे झाले होते.

"डबा कुणाचा हो सर?"

"ताईचा. म्हणजे... आईचा. ताईकडे असतो."

"मग तो काय आपल्याकडंच ऱ्हाणार व्हय? द्यायला नगं परत?"

शेवडे डब्याकडे बघत राहिले. आईच्या घरातून दुसऱ्याचा डबा कधी रिकामा परत गेला नव्हता, आणि कोणाबरोबर पाठवलाही नव्हता. आई स्वतः पदर सारखा करून द्यायला जायची. हे त्यांना माहीत होतं. ताईलाही माहीत होतं.

"आक्का," ते म्हणाले. "तुम्हाला हे कसं..."

आक्कांनी समोरचा कागद पालथा केला, हातातली सुई उचलली.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "डोकं इकडे करा."

यातलं कुठलं वाक्य कोणाचं, कुठलं आधी आणि कुठलं मागून, हे शेवड्यांना विचारू नये. आक्का गेल्याला पुष्कळ वर्षं झाली, दगडूभाऊही गेले. पडताळून बघायला कोणी नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतः पडताळली आहे. ताईच्या सत्तरीला ते मिरजेला गेले होते. तोवर जाणं-येणं इतकं अंगवळणी पडलं होतं की विचारायचं राहूनच गेलेलं. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, ते हंस तुला कसे वाटले होते गं?"

"कुठले हंस?"

ताईनं देवघराच्या कप्प्यातून कार्ड काढून दिलं. शेवड्यांनी ते खिडकीपाशी नेलं, चष्मा पुसला, तिरप्या उजेडात धरलं. मानेची एक पुसट रेघ असावी असं वाटलं. ती कागदाची सुरकुतीही असेल. बाकी हंसांचा मागमूस नव्हता. कोऱ्या कागदाच्या मधोमध हलव्याचे दाणे उठले होते, काट्यांसकट.