दाबलं का?

“...पण मग तिनं दाबलेलं बटण जातं कुठे, सर?”

शलाकानं लॅपटॉप मुजावर सरांपुढे सरकवला.

सर कॉलेजातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मिरजेतल्या त्यांच्या घरी जुने विद्यार्थी अजूनही अडचणी घेऊन यायचे. शलाका मात्र पहिल्यांदाच आली होती. कारखान्यांतली अवजड यंत्रं चालवणारे प्रोग्राम ती लिहायची. आजवर कोणाला काही विचारायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

आता आली होती, आणि तीही घरच्याच कामासाठी.

तिच्या कुमुदआत्याला पक्षाघात झाला होता. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डोकं मात्र लख्ख होतं आणि डाव्या हाताचा अंगठा हलत होता. त्या अंगठ्याखाली शलाकानं एक बटण बसवलं. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जायचं. हवं ते आलं की आत्यानं बटण दाबायचं. प्रत्येक अक्षराला यंत्र आवाज द्यायचं आणि शेवटी जुळलेला शब्द बोलायचं.

“कधी लागतं, कधी लागतच नाही,” शलाका म्हणाली. “ती दाबते, मी डोळ्यांनी बघते. अक्षर तसंच पुढं निघून जातं.”

सरांनी चष्मा पुसला. “तुझा प्रोग्राम करतो काय?”

“बटणाला विचारतो, दाबलं का? मग अक्षर उजळवतो, आवाज काढतो, की परत विचारतो, दाबलं का? असं अखंड.”

“अक्षर उजळताना तिनं दाबलं तर?”

“पापणी लवायच्या आत तो परत विचारायला हजर असतो, सर.”

“आणि आवाज काढताना?”

शलाका थबकली. आवाजाला वेळ लागायचा. तेवढा वेळ बटणाकडे कोणाचंच लक्ष नसायचं...

“मग मध्ये मध्ये आणखी विचारायला लावते,” ती म्हणाली.

“बटणाची हाक ऐकणारा लिसनर का नाही लावलास? तुम्हाला शिकवला होता मी.”

“मला ते पटत नाही. हातावर हात धरून बसायचं आणि कोणी हाक मारली की उठायचं. माझा प्रोग्राम कोणाची वाट बघत नाही.”

सरांनी लॅपटॉप मिटला.

“आत्याबद्दल सांग.”

“आत्या म्हणजे...”

“काही सांगायचंय का?”

“हो, तेच. ती शाळेत गणित...”

“काही सांगायचंय?”

“सर, मी सांगतेय की...”

“सांगायचंय का काही?”

तिनं तोंड उघडलं की सरांचा प्रश्न यायचा. आवाजात चेष्टा नव्हती. अगदी आपुलकीनं विचारत होते, त्यामुळं रागावताही येईना. शेवटी तिनं नाद सोडला आणि ती खुर्चीत मागं टेकली.

मग सरही थांबले.

त्यांनी पेपर उचलला नाही, फोन पाहिला नाही. तिच्याकडे तोंड करून नुसते बसून राहिले...

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. 

“ती आता बटण दाबतच नाही,” शलाका म्हणाली. खरं तर हे सांगायला ती आली नव्हती. “परवापासून. मी अंगठा बटणावर ठेवते, ती काढून घेते. आधी मला वाटलं, तिलाच जमत नाहीये. मी... मी तिलाच शिकवत बसले होते, सर.”

सरांनी मान हलवली. लॅपटॉप उघडून तिच्याकडे दिला.

“बटणाला काय ठाऊक असायला हवं?”

“दाबलं की कोणाला कळवायचं ते.”

“त्याचं नावगाव?”

ती विचारात पडली. “...नको. तो कोण आहे, काय करतो, काहीच ठाऊक नसलं तरी चालेल. ‘दाबलं’ अशी हाक आली की ओ देईन, एवढा शब्द त्यानं दिलेला असला की पुरे.”

“तेवढा शब्द लिही.”

तिनं तो शब्द लिहिला, प्रोग्रामच्या भाषेत इंटरफेस. त्यात एकच मेथड, म्हणजे करायचं एकच काम, त्याचंही नुसतं नाव. पोटात काही नाही. अशा ओळी तिनं परीक्षेत कितीदा उतरवल्या होत्या. आज ती त्या ओळीकडे निरखून पाहत राहिली.

“यात तर काहीच होत नाही, सर.”

“हं.”

मग तो शब्द पाळणारा एक लिसनर तिनं लिहिला आणि बटणाकडे त्याची नोंद केली. पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या सगळ्या ओळी खोडल्या. प्रोग्राम बराच आटला.

“हाक आली. आता आवाज कोण काढणार?” सरांनी विचारलं.

“लिसनर.”

“आणि तो बोलण्यात गुंतलेला असताना तिनं पुन्हा दाबलं?”

तिचा हात थांबला. मग ती स्वतःशीच हसली. “त्यानं अक्षर टिपायचं आणि लगेच मोकळं व्हायचं. आवाजाचं काम दुसऱ्याकडे. तो काढेल सवडीनं.”

संध्याकाळी तिनं आत्याच्या पलंगाशी यंत्र लावलं.

“आत्या, एकदाच. फक्त एकदा बघ. पाणी हवंय का? का उशी सारखी करू? ‘उ’ येईल आत्ता, दाब हं...”

आत्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. अंगठा बटणावर ठेवून ती पडद्याकडे पाहत राहिली. ‘उ’ येऊन गेला. बरीच अक्षरं गेली. ‘ग’ उजळला आणि अंगठा दबला. मग ‘प’. यावेळी एकही दाब वाया गेला नाही.

यंत्र स्पष्ट आवाजात बोललं, “गप.”

आत्याच्या ओठांची डावी कड वर गेली. शलाका हसत हसत बाहेर आली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं सरांना फोन लावला.

“सर, आत्या बोलली.”

“काय म्हणाली?”

“गप.”



“मग फोन कशाला केलास?”