टिटवीची ओळख

"गेल्या उन्हाळ्यात वीस वर्षांनी आलो, तरी माळानं मला ओळखलं. पटत नाही का तुम्हाला, आबा?"

म्हाळू आबा बाभळीखाली बसून घोंगडीत अडकलेली कुसळं काढत होते. सारी हयात त्यांनी या माळावर मेंढरं राखण्यात घालवली होती. त्यांनी मान वर केली नाही.

सुखदेवने मग पुरावाच पुढे केला. चौकटीत बसवलेला हातभर लांब फोटो. त्यात याच माळावरची टिटवी होती. पंख पसरलेले, चोच उघडी, थेट कॅमेऱ्यावर धावून आलेली. या फोटोला शहरात पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि बक्षीस मिळालेला माणूस उत्तराची फार वाट बघत नाही.

"बघा, कशी उठून सामोरी आली! लहानपणी इथंच तुमच्या मागं हिंडलो. पाखरं बघायला तुम्हीच शिकवलंत. म्हणून हा फोटो तुमच्यासाठी आणलाय."

हे बोलताना त्याचे डोळे भरून आले. ते काही खोटं नव्हतं.

आबांनी चौकट मांडीवर घेतली. पुष्कळ वेळ पाहिली.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "अंडी कुठं हुती?"

"तिथंच. पायाजवळ."

"तिच्या का तुझ्या?"

"माझ्या," सुखदेव हळूच म्हणाला.

आबांनी चौकट जपून बाजूला ठेवली आणि काठी उचलली. "चल."

सुखदेवने कॅमेरा गळ्यात अडकवला.

माळावर ऊन अजून कोवळं होतं. दोघांना लांबून पाहताच टिटवी अंड्यांवरून उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत किंचाळू लागली. आबा तिथूनच मागे फिरले. शंभरेक पावलांवर जाऊन खाली बसले. ती परत अंड्यांवर बसेपर्यंत हलले नाहीत.

"आता?" सुखदेवने विचारलं.

"आता उद्या."

सुखदेवची परतीची गाडी संध्याकाळी होती. ती गेली. दुसऱ्या दिवशीची पण गेली.

रोज सकाळी दोघं यायचे. रोज थोडं जवळ बसायचे. ती उठली की मागे सरायचे. सुखदेवला पहिले तीन दिवस कंटाळा आला. चौथ्या दिवशी वाऱ्याला करडाच्या गवताचा वास आला आणि त्याला आपण आठ वर्षांचे असल्यासारखं वाटलं. माळावर त्याचा फार जीव होता.

नवव्या सकाळी ते तिच्यापासून वीस पावलांवर बसले होते.

टिटवीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पोटाखालची अंडी चोचीने जराशी फिरवली. मग डोळे मिटले.

सुखदेवने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"फोटो काढावा असं काहीच करत नाहीये. नुसती बसलीय." त्याने भिंगावर झाकण लावलं. "मी चुकलो, आबा. हिनं मला कधी ओळखलंच नव्हतं. आत्ताही ओळखत नाही... पण इथं बसू देते. माझ्यासाठी एवढं पुष्कळ झालं."

आबा टिटवीकडे बघत राहिले.

"घरचं मानूस आलं म्हनून," ते म्हणाले, "कुनी बसल्या जागचं उठतं व्हय?"