मागचे शीड

फार जुन्या काळची गोष्ट. वैशाख शुद्ध पंचमी होती. आकाश निवळ, वारा उत्तरेचा, समुद्र शांत.

त्या दिवशी एका कोळीवाड्यातली सोळा वर्षांची पोर एकटीच होडी घेऊन निघाली. समोरच्या बेटाला एकट्याने वळसा घालून जो परत येई, त्यालाच तिथे तांडेल म्हणत, होडी त्याच्या हाती देत.

बेटाजवळ तिने मागे पाहिले. लांबवर बापाचे शीड दिसत होते. तेवढ्यात वारा फिरला. बाप काय करतो ते ती बघत राहिली आणि होडी खडकाला घासली. बापाने दोर बांधून तिला ओढत आणले.

“बापाच्या शेपटाला बांधून बेट बघून आली!” किनाऱ्यावर लोक हसले.

घरी पोर म्हणाली, “बा, वारा फिरलेला मला कळला होता. पण तुझं शीड दिसलं, आणि हात थांबला.”

“घरी बसवत नाही गं, बाय.”

आई चुलीपाशी होती. “जन्मभर समुद्राला भ्याला नाहीत, आणि आता भिता?”

“पोरीसाठी भितो.”

“मग इथं बसून भ्या. तिच्या मागे जाऊन भिऊ नका.”

होडी दुरुस्त होईतो वैशाख सरत आला. पावसापूर्वी एकच फेरी शक्य होती. पोर निघाली, तेव्हा बापाने आपल्या होडीचे सुकाणू काढून आणले आणि तिच्या होडीत ठेवले.

“हे कशाला? माझं आहे की.”

“तुझ्यासाठी नाही. हे तुझ्याजवळ असलं, म्हणजे माझी होडी इथंच राहील.”

“आणि पोहत निघाले, तर मी धरून ठेवीन,” आई म्हणाली.

बेटाजवळ वारा पुन्हा फिरला. सवयीने तिने मागे पाहिले. मागे नुसते पाणी होते. तिने स्वतःच शीड वळवले.

इकडे बाप वाळूत बसून जाळे विणत होता. विणलेले पुन्हा उसवत होता. आई शेजारी बसून होती.

दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर होडी किनाऱ्याला लागली. शीड कडेला फाटले होते, पोर धड होती. नारळी पुनवेला ती त्या होडीची तांडेल झाली.

तात्पर्य: एकट्याने निघालेल्याच्या मागे जाऊ नये, त्याची वाट पाहावी.